परतीच्या खुर्चीचं काय?

बहुराष्ट्रीय कंपनीचा परदेशी नेमणुकीचा करार एकदा शांतपणे वाचून पाहावा. मुलांच्या शाळेची फी कोणत्या इयत्तेपर्यंत कंपनी भरणार, सामान किती घनमीटर न्यायचं, वर्षातून घरी यायला विमानाची किती तिकिटं मिळणार, दोन देशांच्या करांत फरक पडला तर तो कोण सोसणार, या प्रत्येकाला स्वतंत्र कलम असतं. काही करारांत पाळीव कुत्र्याच्या प्रवासालाही परिच्छेद मिळतो. मग शेवटाकडे परतीचं कलम येतं आणि ते एका वाक्यात आटोपतं: मुदत संपल्यावर कंपनी कर्मचाऱ्याला त्याच्या अनुभवाला साजेसं पद देण्याचा प्रयत्न करील. म्हणजे कुत्र्याच्या वाट्याला हमी आणि माणसाच्या वाट्याला प्रयत्न.

हा वकिलांचा नेहमीचा सावधपणा, असं म्हणून विषय सोडून देता येईल. मला तो सोडवत नाही. तीन वर्षांनी हा माणूस कुणाच्या हाताखाली आणि कोणत्या दर्जावर काम करणार हे ज्या कंपनीला सांगता येत नाही, तिने त्याला पाठवूच नये, असं माझं मत आहे. निवड चुकली, कुटुंब रमलं नाही, तिथल्या लोकांशी पटलं नाही, अशा ज्या तक्रारी परदेशी पोस्टिंगबद्दल नेहमी ऐकू येतात, त्यांतल्या पुष्कळशांचं मूळ शोधत गेलं तर आपण याच गुळमुळीत कलमापाशी पोचतो.

पण आधी अपयश म्हणायचं कशाला? व्यवस्थापनाच्या पाठ्यपुस्तकांत बरीच वर्षं एक आकडा फिरत होता: परदेशी पाठवलेल्यांपैकी २५ ते ४० टक्के लोक मुदत संपायच्या आत परततात. १९९५ साली ॲन-विल हार्झिंग या संशोधिकेने या आकड्याचा माग काढला, तेव्हा एका लेखाने दुसऱ्याचा आणि दुसऱ्याने तिसऱ्याचा हवाला दिलेला निघाला. मुळाशी भक्कम पुरावा नव्हताच. रोझली टंग यांनी १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला केलेल्या पाहणीत २० ते ४० टक्के माणसं परत बोलवावी लागलेल्या अमेरिकी कंपन्या होत्या जेमतेम ७ टक्के. बहुतेक अमेरिकी कंपन्यांत हे प्रमाण १० ते २० टक्के होतं, आणि तीनचतुर्थांश जपानी कंपन्यांत तर ५ टक्क्यांच्याही खाली. मूठभर कंपन्यांचा आकडा सगळ्यांच्या नावावर चढला.

आकडा फुगलेला होता ही एक गोष्ट. त्यामागची कसोटी मला जास्त खटकते. लवकर परतला तो नापास, मुदत भरली तो पास. दुसऱ्या महिन्यातच 'हे मला जमणार नाही' असं सांगून परतणारा माणूस खरं तर कंपनीचे पैसे वाचवतो. तीन वर्षं दिवस मोजत बसलेला, तिथल्या माणसांना दुखावून आणि ग्राहक गमावून परतलेला माणूस मात्र एचआरच्या तक्त्यात यशस्वी ठरतो. स्ट्यूअर्ट ब्लॅक आणि हॅल ग्रेगर्सन यांनी १९९९ साली अमेरिकी कंपन्यांबद्दल लिहिताना तिन्ही आकडे शेजारी ठेवले होते. १० ते २० टक्के लोक लवकर परतलेले. मुदत भरलेल्यांपैकी जवळजवळ एकतृतीयांश लोकांचं काम वरिष्ठांच्या अपेक्षेला न उतरलेलं. आणि मुदत पूर्ण करून परतलेल्यांपैकी एकचतुर्थांश वर्षभरात कंपनी सोडून गेलेले, बरेचदा थेट प्रतिस्पर्ध्याकडे. परदेशी न गेलेल्या मॅनेजरांच्या तुलनेत हे गळतीचं प्रमाण दुप्पट होतं. मायदेशात त्याच पदावरच्या माणसावर होतो त्याच्या दुप्पट-तिप्पट खर्च परदेशी पाठवलेल्यावर होतो, हेही त्यांनीच नोंदवलं आहे. आकडे जुने आहेत आणि एका देशातल्या कंपन्यांचे आहेत. तरी एवढा पैसा ओतून तयार केलेला माणूस वर्षभरात हातचा जातो आणि त्याची नोंद कुठल्याच खात्यात अपयश म्हणून होत नाही, ही पद्धत अजून जुनी झालेली नाही.

परतल्यावर होतं काय, ते जरा जवळून पाहू. तिकडे हा माणूस शाखेचा पहिल्या किंवा दुसऱ्या क्रमांकाचा अधिकारी होता. कारखान्यातली लाइन बंद ठेवायची की चालू, हे तो फोनवर ठरवत असे. तिथल्या सरकारी खात्याशी तोच बोले, वृत्तपत्रं त्याचंच म्हणणं विचारत. परतल्यावर तो मुख्यालयातल्या एका मोठ्या विभागातल्या अनेकांपैकी एक होतो. ज्या साहेबाने त्याला पाठवलं तो दुसऱ्या विभागात गेलेला असतो किंवा कंपनीतच नसतो. नवा साहेब त्याला पहिल्या भेटीत विचारतो, 'तुम्ही नक्की काय करत होता तिकडे?' जागा रिकामी नसते, म्हणून त्याला 'विशेष प्रकल्प' दिला जातो. कंपन्यांत मुरलेल्या कुणालाही ठाऊक असतं की ज्याला टेबल आहे पण काम नाही अशा माणसाला विशेष प्रकल्प मिळतो. बरोबरचे लोक दरम्यान एकेक पायरी वर गेलेले असतात. भत्ते बंद झाल्याने हातात येणारा पगार उतरलेला असतो. आणि तीन वर्षांत तिथल्या बाजाराबद्दल, कायद्याबद्दल, माणसांबद्दल तो जे शिकला ते ऐकून घ्यायला कुणालाच वेळ नसतो.

परक्या देशात रुळताना मनाची स्थिती आधी वर, मग खाली, मग हळूहळू पुन्हा वर जाते, असं स्वेर लिसगार्ड यांनी अमेरिकेत शिकायला गेलेल्या नॉर्वेजियन लोकांच्या अभ्यासावरून १९५५ साली मांडलं. गुलाहॉर्न दांपत्याने १९६३ साली त्याला दुसरं अर्धं जोडलं: घरी परतल्यावर हाच खड्डा पुन्हा लागतो. या वक्ररेषा प्रत्येकाला लागू पडतात असं नाही, नंतरच्या संशोधकांनी त्यांवर शंका घेतल्या आहेतच. पण कंपन्यांनी त्यातली पहिली अर्धी रेषा उचलली आणि दुसरी सोडून दिली, हे मात्र उघड दिसतं. जाताना भाषेचे वर्ग, संस्कृतीची ओळख, घर शोधून देणारी एजन्सी. येताना स्वागताचा एक ई-मेल.

इथवर कुणी म्हणेल, हा त्या माणसाचा वैयक्तिक प्रश्न झाला. तसं असतं तर मी एवढं लिहिलंच नसतं. परतीची अनिश्चितता परतीच्या दिवशी सुरू होत नाही. पहिल्या दिवसापासून ती त्या माणसाच्या हातून वेगळं काम करवून घेते.

वारसदाराचा प्रश्नच घ्या. माणसं परदेशी का पाठवायची, याची तीन कारणं अँडर्स एडस्ट्रॉम आणि जे गॅलब्रेथ यांनी १९७७ साली सांगितली होती: रिकामी जागा भरणं, माणूस घडवणं, आणि संस्थेचे विखुरलेले भाग एकमेकांशी जोडणं. पहिल्या कारणासाठी पाठवलेल्या माणसाच्या कामाच्या यादीत हमखास लिहिलेलं असतं की त्याने तिथलाच एक माणूस तयार करावा आणि जागा त्याच्या हाती सोपवावी. छान. आता त्याच्या जागी बसून विचार करा. वारसदार जितका लवकर तयार होईल तितक्या लवकर आपली इथली गरज संपणार, आणि मुख्यालयात आपल्यासाठी जागा आहे की नाही ते माहीत नाही. अशा वेळी वारसदार लवकर तयार होत नाही. यात कट-कारस्थान काही नसतं. महत्त्वाच्या बैठकीला तो स्वतःच जातो, सहीचे अधिकार 'थोडे दिवसांनी' देऊ म्हणतो, अहवालात लिहितो की संबंधित उमेदवाराला अजून दोन वर्षं लागतील. मुदत वाढते. मुख्यालयाला वाटतं की तिकडे माणसं मिळत नाहीत.

ज्याच्या नावापुढे 'अजून दोन वर्षं' लिहिलं गेलं, तो स्थानिक सहकारी या सगळ्याची किंमत मोजत असतो. त्याला आपल्या आणि पाहुण्या साहेबाच्या पगारातला फरक माहीत असतो, कारण पगारपत्रक त्याच्याच खात्यातून जातं. भाषा त्याची, ओळखी त्याच्या, अडचणीत धावपळ त्याची. पाहुणा तीन वर्षांनी जाईल आणि नवा येईल, त्यालाही पुन्हा पहिल्यापासून सगळं शिकवावं लागेल. सांस्कृतिक फरकांवर कार्यशाळा घेऊन हा कडवटपणा जात नाही. पाहुणा कधी आणि कुठे जाणार हे ठरलेलं असेल, तर आपली पाळी कधी येणार हेही या माणसाला कळतं, आणि दोघांच्या वागण्यात फरक पडतो.

दुसरी गोष्ट निष्ठेची. परतीचं ठरलेलं नसेल तर माणूस एक डोळा सतत मुख्यालयावर ठेवून काम करतो. तिथल्या बाजाराला काय हवं यापेक्षा मुख्यालयाला काय आवडेल, याचा विचार तो आधी करतो. काहींचं उलटं होतं, ते परतीची आशाच सोडतात आणि पूर्णपणे तिथलेच होऊन मुख्यालयाशी भांडत बसतात. दोन्ही बाजू समजणारा माणूस मिळावा म्हणून पाठवलेला असतो, आणि तो एका बाजूला कलंडतो.

आता जोडीदाराबद्दल. हा प्रश्न नेहमी भावनेच्या भाषेत मांडला जातो: घराची आठवण, एकटेपणा, मुलांची शाळा. टंग यांच्या पाहणीतही अमेरिकी कंपन्यांनी अपयशाचं पहिलं कारण जोडीदाराला जुळवून घेता न येणं असंच दिलं होतं. मला हे वाक्य थोडं अन्यायाचं वाटतं. जुळवून घ्यायचं कशाशी? बारा-पंधरा वर्षं नोकरी केलेली बाई डिपेंडंट व्हिसावर जाते. बँकेत खातं उघडायला उत्पन्नाचा दाखला मागतात, तो नवऱ्याचा द्यावा लागतो. घराचा करार त्याच्या नावावर, विमा त्याच्या कंपनीचा. सोमवारी सकाळी तो ऑफिसला जातो, मुलं शाळेत जातात, आणि उरलेल्या दिवसाचं काय करायचं ते तिने ठरवायचं. पुरुष जोडीदार असेल तर त्याची अवस्था याहून अवघड असते, कारण इतर जोडीदारांच्या गटातही तो उपराच. हा प्रश्न सुटण्यासारखा आहे, हे सरकारांनी दाखवून दिलं आहे. युरोपीय संघाच्या २०१४ च्या निर्देशाने कंपनीअंतर्गत बदलीवर आलेल्यांच्या जोडीदारांना काम करायची मुभा दिली. अमेरिकेत अशाच बदलीवर आलेल्यांच्या, म्हणजे एल-२ व्हिसावरच्या, जोडीदारांना वेगळा परवाना काढून महिनोन्‌महिने वाट पाहावी लागे. नोव्हेंबर २०२१ मधल्या एका न्यायालयीन तडजोडीनंतर व्हिसाबरोबरच कामाचा हक्क मान्य झाला.

पण परवाना असला तरी जोडीदाराला आपल्या करिअरचा हिशेब मांडावाच लागतो, आणि तो परतीच्या तारखेवाचून मांडता येत नाही. तीन वर्षं म्हणजे तीनच, असं खात्रीने कळलं तर बिनपगारी रजा मागता येते, दूरस्थ काम मागता येतं, एखादी पदवी पुरी करता येते. 'तीन वर्षं, पुढे बघू' या उत्तरावर फक्त राजीनामा देता येतो. कंपनी ज्याला कुटुंबाचं न रमणं म्हणते, त्यातला मोठा भाग या 'पुढे बघू'चा असतो.

निवडीचं म्हणाल तर तिथे नियमावली एक आणि व्यवहार दुसरा. हिलरी हॅरिस आणि ख्रिस ब्रूस्टर यांनी १९९९ साली लिहिलं की बऱ्याच कंपन्यांत परदेशी नेमणूक प्रत्यक्षात कॉफी मशीनपाशी ठरते: एक साहेब दुसऱ्याला म्हणतो, तिकडे माणूस हवाय, दुसरा म्हणतो, माझ्याकडे एक आहे. नंतर कागद रंगवले जातात. या पद्धतीत साहेबांच्या ओळखीबाहेरचे लोक वगळले जातात, स्त्रिया विशेषतः. परदेशातले लोक स्त्री अधिकाऱ्याला मानणार नाहीत ही सबब नॅन्सी ॲडलर यांनी १९८७ सालीच खोडून काढली होती. पूर्व आशियात गेलेल्या उत्तर अमेरिकी स्त्रियांनी त्यांना सांगितलं की तिथे लोक आम्हाला आधी परदेशी म्हणून पाहतात, स्त्री म्हणून नंतर. माझ्या मुद्द्यासाठी महत्त्वाचं एवढंच की कॉफी मशीनपाशी ठरलेल्या नेमणुकीचं परतीचं आश्वासनही तिथेच, तोंडी दिलेलं असतं. 'तू जा, परत आलास की मी आहे ना.' साहेब बदलला की आश्वासन त्याच्याबरोबर जातं.

मग कंपन्या परतीकडे दुर्लक्ष का करतात? त्या निष्काळजी आहेत म्हणावं, तर बाकी सगळीकडे त्यांची शिस्त वाखाणण्यासारखी असते. परक्या देशात १८३ दिवसांची मर्यादा ओलांडली तर पगारावर तिथे कर लागू शकतो, म्हणून दिवसन्‌दिवस मोजणारी सॉफ्टवेअर घेतलेली असतात. सामाजिक सुरक्षेची वर्गणी दोनदा भरावी लागू नये म्हणून प्रमाणपत्रं काढली जातात. व्हिसाची मुदत कधीच चुकत नाही. सुरक्षिततेबद्दलही हेच. एका मदत संस्थेच्या कर्मचाऱ्याचं २०१२ साली केनियातल्या दादाब निर्वासित छावणीतून अपहरण झालं, आणि २०१५ साली ऑस्लोच्या न्यायालयाने त्याच्या नॉर्वेजियन संस्थेला गंभीर हलगर्जीपणाबद्दल जबाबदार धरलं. ती कंपनी नव्हती, तरी माणसांना धोक्याच्या जागी पाठवणाऱ्या प्रत्येकाने तो निकाल वाचला. थोडक्यात, जिथे कर खातं नोटीस पाठवतं, सीमेवरचा अधिकारी अडवतो किंवा न्यायाधीश भरपाई ठोठावतो, तिथे कंपनी जागी असते. परतलेल्या माणसाला विशेष प्रकल्पावर बसवून ठेवलं म्हणून कुणीही नोटीस पाठवत नाही. तो मुकाट्याने दुसरी नोकरी शोधतो, आणि एक्झिट इंटरव्ह्यूत 'चांगली संधी मिळाली' असं लिहून मोकळा होतो.

माझ्या म्हणण्यावरचा सगळ्यात वजनदार आक्षेप असा की तीन वर्षांनंतरचं पद आज लिहून कोण देऊ शकेल? विभाग बंद होतात, कंपन्या विकल्या जातात, माणसाची स्वतःची आवडही बदलते. हे खरं आहे. म्हणूनच मी पदाचं नाव मागत नाही. करारात तीन गोष्टी असाव्यात: परतल्यावरचा किमान दर्जा आणि पगाराची श्रेणी, परतीची जबाबदारी घेणाऱ्या मुख्यालयातल्या एका अधिकाऱ्याचं नाव (तो बदलला तर ती आपोआप ज्याच्याकडे जाईल त्या पदासह), आणि परतीच्या किमान नऊ महिने आधी पुढच्या कामाची बोलणी सुरू करण्याची तारीख. यातलं काहीही बाजाराच्या चढउतारावर अवलंबून नाही. ज्यांना पाच वर्षांचा महसूल अंदाज छापता येतो त्यांना एका माणसाची श्रेणी लिहिता येऊ नये, हे पटत नाही.

दुसरा आक्षेप जास्त चतुर आहे. परतल्यावर नोकरी सोडणं हे अपयश कशावरून? गुंटर श्टाल, एडविन मिलर आणि टंग यांनी २००२ साली परदेशी नेमलेल्या जर्मन मॅनेजरांचा अभ्यास केला, तेव्हा त्यातले अनेक जण परदेशी अनुभवाकडे स्वतःची बाजारातली किंमत वाढवण्याचं साधन म्हणून पाहत होते, भले त्याचा उपयोग दुसऱ्या कंपनीत होवो. त्या माणसाच्या दृष्टीने हे बरोबरच आहे आणि त्यात मला दोष दिसत नाही. पण याचाच अर्थ असा की या व्यवहारात तोटा कंपनीचा आहे, आणि तो टाळण्याची गरजही तिचीच. परतीची तजवीज ही कर्मचाऱ्यावरची मेहेरबानी समजली जाते, तिथेच चूक होते.

मग अंमलबजावणी कोण करणार? सरकारने कायदा करावा असं मी म्हणणार नाही. त्यातून आणखी एक फॉर्म निघेल. पैशाची भाषा पुरे आहे. प्रत्येक नेमणुकीबरोबर पाठवणाऱ्या विभागाच्या अंदाजपत्रकात एक रक्कम बाजूला काढून ठेवावी, समजा त्या माणसाचा सहा महिन्यांचा पगार. ठरल्या तारखेला ठरल्या श्रेणीची जागा मिळाली तर ती रक्कम विभागाला परत. नाही मिळाली तर ती कर्मचाऱ्याला, आणि त्याने कंपनी सोडली तरी त्याचीच. मग आठवण करून द्यायला एचआरची गरज उरणार नाही, विभागाचा हिशेबनीसच मागे लागेल. शिवाय परतून दोन वर्षांत किती जण टिकले हा एक आकडा वार्षिक अहवालात छापावा. कर्मचारी गळतीचे आकडे अनेक कंपन्या छापतातच, त्यात आणखी एक ओळ.

हे सगळं तीन महिन्यांसाठी यंत्र बसवायला जाणाऱ्या इंजिनिअरला लागू नाही. त्याची खुर्ची त्याच्यासाठी तशीच ठेवलेली असते. एका देशातून दुसऱ्या देशात फिरत राहणंच ज्यांनी निवडलं आहे, त्यांनाही नाही. दोन ते पाच वर्षांसाठी घरदार हलवणारे जे मधले लोक आहेत, त्यांच्यापुढे करार सहीसाठी येईल तेव्हा शाळेच्या फीवर घासाघीस करण्याआधी त्यांनी परतीचं कलम काढावं आणि त्यात कुणाचं नाव आहे ते विचारावं. नाव मिळालं नाही तर भत्ता कितीही मोठा असला तरी सही लांबवायला हरकत नाही.